टोळ्यांतील मुलांची लस कोणाच्या हिशेबी?

लस सक्तीने टोचावी की समजुतीने, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. 1897 च्या प्लेगात पुण्यात घरझडत्यांचा जो अतिरेक झाला, त्याने सरकारी वैद्यकाविषयी बसलेली धास्ती दीर्घकाळ निघाली नाही. अगदी अलीकडे, 2021 च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात कोविडची लस न घेणाऱ्यास पेट्रोल व रेशन नाकारण्याचा हुकूम निघाला. पुढे 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. आमच्या मते या वादाचा निकाल तेथेच लागला आहे. सरकारी धोरणाची खरी परीक्षा निराळ्या ठिकाणी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, राज्यात एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी सर्व मूलभूत लसी पुऱ्या झालेली मुले 2015-16 मध्ये शेकडा 56 होती. 2019-21 मध्ये ती 73 झाली. ही प्रगती थोडी नव्हे. परंतु गोवर रोखावयाचा तर शेकडा 95 मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. जी मुले उरली, ती सगळी हट्टी आईबापांची आहेत, असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही.

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेचे निमगाव सावा घ्या. दिवाळीच्या सुमारास या बागायती पट्ट्यात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात, 'विघ्नहर' आणि 'भीमाशंकर' या सहकारी कारखान्यांसाठी ऊस तोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. गाव सोडताना सहा महिन्यांचे असलेले मूल माघात नऊ महिन्यांचे होते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नेमकी तेव्हाच द्यावयाची असते. त्याच्या गावची आशा सेविका 'बाहेरगावी' अशी नोंद करून मोकळी होते; इथल्या सेविकेची यादी इथल्या घरांची, तीत कोपीला घर म्हणत नाहीत. मूल दोन्ही वह्यांतून गळते. त्याची आई पहाटेच कोयता घेऊन फडात गेलेली असते. लसीकरणाचे सत्र भरते ते दिवसा, आणि तासाभराची मजुरी बुडवून यावे, एवढी सवड उचल फेडणाऱ्या बाईला नसते. सेविकेने तिन्हीसांजेला कोप्यांवर जावे, असे शहरात बसून सुचविणे सोपे आहे. जुन्नरच्या उसात त्या वेळी बिबट्याचे राज्य असते.

शिवाय कुपीचा प्रश्न आहे. गोवर-रुबेलाची लस एकदा मिसळली की चार तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून एकट्यादुकट्या मुलासाठी कुपी फोडण्यास परिचारिकेचा हात अडखळतो. येथे खात्याने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे की, कोपीवरच्या एका मुलासाठी कुपी फोडली तर उरलेल्या मात्रांचा जाब विचारला जाणार नाही.

2024 साली देशभर सुरू झालेल्या 'यू-विन' नोंदणीमुळे मुलाची नोंद परगावी पाहता येते, हे ठीकच झाले. पण यंत्र काही मूल शोधून आणीत नाही. देशातून देवी गेली, पोलिओ हटला, तो घरोघर फिरणाऱ्या माणसांमुळे. या माणसांना मोबदल्यासाठी 2023-24 मध्ये संप करावा लागला, ही गोष्ट शोभादायक नव्हे. कोप्यांवरील फेरीचा मोबदला त्यांना वेगळा द्यावा.

आणि सक्ती करावयाचीच असेल, तर ती आईवर न करता कारखान्यावर करावी. कोणती टोळी आज कोणत्या गटात तोडते आहे, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला रोजच्या रोज ठाऊक असते. त्यावाचून गाडी भरत नाही. तेच खाते टोळीतील दोन वर्षांखालच्या मुलांची यादी पंधरवड्याला आरोग्य केंद्राकडे सहज धाडू शकेल. मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे आहेत, अशी सबब कारखाने सांगतील. ती सबब जुनी आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे 10 रुपये देण्याचे बंधन ज्या कारखान्यांवर आले, त्यांना या मजुरांशी आपला संबंध नाही असे आता म्हणता येणार नाही.

दर हंगामापूर्वी कारखान्यांना गाळपाचा परवाना पुण्यातील साखर आयुक्तांकडून घ्यावा लागतो. त्या अर्जात मुलांच्या यादीचा एक रकाना येत्या हंगामाआधीच घालावा, आणि यादी न देणाऱ्या कारखान्याचा परवाना अडवावा. यासाठी आरोग्य खात्याने साखर संकुलात जाऊन एक बैठक घेतली तरी पुरे आहे.