जेद्दातील फटके पडद्यावर कोण दाखवणार?

९ जानेवारी २०१५. शुक्रवारची नमाज संपली आणि जेद्दातील अल-जफाली मशिदीसमोर, भर गर्दीत, रैफ बदावी या ब्लॉगलेखकाला बेड्या घालून उभे करण्यात आले. त्याच्या पाठीवर छडीचे ५० फटके पडले. शिक्षा १,००० फटक्यांची, हा पहिला हप्ता! गुन्हा काय, तर लिहिले. कोणीतरी मोबाइलवर चोरून चित्रण केले म्हणून तो प्रकार जगाने पाहिला.

त्याच जेद्दात २०२१ पासून रेड सी चित्रपट महोत्सव भरतो. पस्तीसेक वर्षे चित्रपटगृहांना कुलूप घालून बसलेली सौदी राजवट आज सिनेमाची आश्रयदाती म्हणून मिरवते आणि जगभरचे सितारे तिच्या दारी जातात. हा निलाजरेपणा आहे, आणि तो आम्ही निलाजरेपणाच म्हणणार.

१९७७ साली जेद्दातच एका राजकन्येला ठार मारण्यात आले. तिच्यावरचा ‘डेथ ऑफ अ प्रिन्सेस’ हा चित्रपट १९८० मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीने दाखवला, तेव्हा सौदी सरकारने ब्रिटनच्या राजदूताला घरी धाडले. तरीही अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीने तो दाखवलाच. तेव्हा पडद्याला कणा होता!

आता धमकीचीही गरज उरलेली नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात पत्रकार जमाल खशोगी यांचा खून झाला. ते आत पाऊल टाकण्याच्या काही मिनिटे आधी एक न्यायवैद्यक डॉक्टर प्रेताचे सांधे कसे सुटे करायचे हे समजावत होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ अ‍ॅग्नेस कॅलामार्ड यांच्या २०१९ च्या अहवालात ते संभाषण नोंदलेले आहे. या खुनावरचा ‘द डिसिडंट’ हा माहितीपट २०२० मध्ये सनडान्स महोत्सवात गाजला, पण एकाही बड्या स्ट्रीमिंग कंपनीने तो घेतला नाही. नेटफ्लिक्सने तर त्याआधीच, खशोगी प्रकरणी सौदी युवराजावर टीका करणारा, विनोदकार हसन मिन्हाज यांच्या कार्यक्रमाचा भाग सौदी प्रेक्षकांपुरता काढून टाकला होता. छळ करणाऱ्याने बाजारपेठ दाखवली आणि कंपन्यांनी मान तुकवली.

आमचे काय? १२ मार्च २०२२ रोजी सौदी सरकारने एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शाहरुख खान यांनी जेद्दाच्या मंचावर सन्मान स्वीकारला. इथे कोणाला त्याचे काही वाटले नाही. वाटणार तरी कसे? आमच्या पडद्यावर कोठडीतला मार म्हणजे नायकाचा पराक्रम! ‘सिंघम’सारखे चित्रपट घातक संदेश देतात, असे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये बजावले. आमच्या शिट्ट्या थांबल्या नाहीत. पोलिसाच्या पट्ट्यावर टाळ्या पिटणाऱ्याला जेद्दातील छडीची चीड कशी येणार?

बदावी २०२२ मध्ये सुटला, पण पुढची १० वर्षे त्याला देश सोडता येणार नाही; बायकामुले कॅनडात आहेत. स्त्री-हक्क कार्यकर्ती लुजैन अल-हथलूल हिला कोठडीत विजेचे झटके दिल्याचे तिच्या कुटुंबीयांनी जगाला ओरडून सांगितले. आमच्या कलावंतांनी जेद्दाचे पुढचे आमंत्रण परत पाठवावे, आणि का परत पाठवले ते या दोघांची आणि खशोगींची नावे घेऊन जाहीरपणे सांगावे.