शक्तीची बेरीज आणि नेसरीची खिंड

सुपरमॅन श्रेष्ठ की बॅटमॅन, हा वाद बहुधा शक्तींची बेरीज करून सोडवला जातो. लोकप्रियतेचे गणित मात्र निराळे आहे. १९३८ साली अवतरलेला सुपरमॅन सर्वांत बलवान खरा. पण त्यालाही हतबल करणारे क्रिप्टोनाइट कथाकारांना शोधावे लागले. बॅटमॅनपाशी (१९३९) अतिमानवी शक्ती मुळीच नाही, तरी लोकप्रियतेत तो मागे नाही. स्पायडरमॅन (१९६२) तर एका चुकीतून घडतो: त्याने निसटू दिलेला चोरच पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो.

ही कथा मराठी वाचकाला परकी वाटू नये. १६७३ साली उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सरनोबत प्रतापराव गुजरांनी जाऊ दिले. तोच खान पुन्हा चालून आला. शिवाजी महाराजांचा रोष ओढवला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत अवघ्या सहा स्वारांनिशी प्रतापराव खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण कामी आले.

साम्य इथेच संपते. स्पायडरमॅनला प्रायश्चित्तासाठी पुढचा अंक मिळतो. प्रतापरावांना तो नव्हता. त्या झेपेने लढाई जिंकली नाही, उलट राज्याभिषेकाला सुमारे साडेतीन महिने उरले असताना स्वराज्याने सेनापती गमावला. म्हणूनच त्यांना ‘आपला सुपरहीरो’ म्हणणे मला गौरवाचे वाटत नाही. कुसुमाग्रजांच्या कवितेने हे सात जण घराघरांत पोचले, ते हरूनही. अजिंक्य नायकाचे आपण कौतुक करतो; जीव मात्र जडतो तो ज्याला काही गमावता येते त्याच्यावर.