सातबाऱ्याबाहेरचा बहुजन

सरकार गरिबांसाठीं योजना काढतें हें ऐकून आनंद व्हावा. परंतु पैसा कोणाच्या दारांत जातो हें पाहिल्याशिवाय आनंद मानणें म्हणजे पंगत बसली एवढ्यावरून आपलें पोट भरलें असें समजणें होय. नांदुरा तालुक्यांतील वडनेर भोलजी घ्या. महामार्गावरचें गांव, कपाशीचें शिवार. अशा गांवांत एका घरीं सातबारा असतो, शेजारच्या घरीं नुसतें खुरपें. पाऊस दगा देतो तेव्हां दोघेहि बुडतात. मदत मात्र सातबारा विचारून येते.

केंद्र सरकारनें २०१९ सालीं किसान सन्मान निधि सुरू केला. वर्षाला ६००० रुपये. आरंभीं दोन हेक्टरांची मर्यादा होती. त्याच सालीं ती उठली, आणि दोन एकरवाला व चाळीस एकरवाला एका रांगेंत आले. २०२३ सालीं राज्य सरकारनें आणखी ६००० रुपयांची भर घातली. २०१७ व २०१९ सालच्या कर्जमाफ्या बँकांच्या व सोसायट्यांच्या शेतीकर्जाच्या; दुसरीला तर जोतीरावांचें नांव! मजूर बाईनें फायनान्स कंपनीकडून काढलेल्या कर्जाचा हप्ता कोणीं माफ केला? जो दुसऱ्याचें वावर मक्त्यानें वाहतो, त्याचा घाम, त्याचेंच नुकसान. पण कागद मालकाचा, म्हणून पैसा मालकाला.

कास्तकाराचें काढून घ्या, असें आम्ही म्हणत नाहीं. दोन-चार एकरांचा कोरडवाहू कास्तकार स्वतःच अर्धा मजूर आहे. आमचा सवाल उरलेल्या अर्ध्याचा आहे. रयतेच्या श्रमाचा वसूल, आणि विद्या वरच्यांच्या मुलांना, हें गाऱ्हाणें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें. आज भूमिहीन मजूरहि साबण-चपलांवर कर भरतो. त्यांतून योजना चालतात. तेव्हां भटजी-शेटजी होते. आज त्या पंगतीला आपलेच पाटील बसले आहेत, एवढाच काय तो फरक.

खरी वांटणी कशी असते तें याच महाराष्ट्रानें दाखविलें होतें. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर उभी राहिली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तिच्यासाठीं १९७५ पासून शहरांतल्या पगारदारांकडून व्यवसायकर घेतला गेला. पगारदाराच्या खिशांतून खेड्यांतल्या मजुराच्या हातीं, आणि तेंहि भीक म्हणून नव्हे, कामाचा हक्क म्हणून! तिथेंहि विहीर खणणारा एक नि पाणी दुसऱ्याच्या मळ्याला असें झालें, हें सांगितलें पाहिजे. २०२४ सालच्या लाडक्या बहिणीनें जमिनीचा कागद मागितला नाहीं, हें तिचें चांगलेंच. पण १५०० रुपये म्हणजे दिवसाला पन्नास.

भूमिहीन दलितांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत देणारी दादासाहेब गायकवाडांच्या नांवाची योजना २००४ पासूनची. जमीन विकत घेऊन द्यायची, म्हणजे विकणारा हवा. महामार्गाकाठीं प्लॉटचा भाव चालतो, तिथें सरकारी दरानें कोण विकील?

म्हणून वडनेरकर मजुरांनीं व मक्तेदारांनीं येत्या ग्रामसभेंत दोन गोष्टी मागाव्या. प्रत्येक योजनेची यादी नांवानिशीं मोठ्यानें वाचली जावी. आणि गांवांत भूमिहीन घरें किती, मक्त्यानें वाहणारे किती, याची नोंद ठरावांत घेऊन तहसिलीला पाठवावी.