शेवटच्या इंजेक्शनआधी

म्हातारा कुत्रा उठेनासा झाला की ‘डॉक्टर, एक इंजेक्शन देता का?’ असे मनमाडमध्ये मलाही विचारतात. मी माणसांचा डॉक्टर. आम्हाला २०१८ च्या निकालानेही फक्त उपचार थांबवण्याची वाट दिली. हे काम पशुवैद्यकाचे. पण आधी बोलून घ्या. अगोदर गुंगी देणार का? नंतर कोणते औषध? भटक्या कुत्र्यांसाठीचे २०२३ चे नियम पेंटोबार्बिटल सांगतात. हृदयात स्ट्रिक्नीन टोचणे १९६० च्या कायद्याने गुन्हाच. डोळे उघडे राहतात, एखादा आचका येतो, लघवी होते. मुलांना आधीच सांगा. देह खोल पुरा, औषध मांसात उरते. आणि दहा दिवसांत कुत्रा कुणाला चावला असेल तर लपवू नका. रेबीजसाठी त्याच्यावर नजर ठेवावी लागते. चावलेल्याची लस मात्र त्याच दिवशी.