'गेला' म्हणजे नेमका कसा गेला?

मराठी अनुवाद वाचताना एक गोष्ट फार खटकते. इंग्रजी कादंबरीतला माणूस स्टॅगर होतो, ट्रज करतो, टिपटो करतो. तोच मराठीत आला की बापडा नुसता 'जातो'. विचारलं तर उत्तर ठरलेलं : मराठीत तेवढी क्रियापदंच नाहीत हो!

साफ चूक.

आधी थोडी थिअरी. लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ साली भाषांचे दोन गट मांडले. इंग्रजीसारख्या भाषा हालचालीची रीत क्रियापदातच भरतात. स्पॅनिशसारख्या भाषांत क्रियापद दिशा सांगतं. रीत वेगळी जोडावी लागते. डॅन स्लोबिन यांनी १९९६ साली कादंबऱ्या आणि त्यांचे अनुवाद ताडून पाहिले. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाताना रीतीची जवळजवळ निम्मी वर्णनं गळाली होती. आपले शिरला, निघाला, चढला, उतरला बघा. मराठीही बरीचशी याच गटात.

पण मराठीत रीत जोडायला बहुतेक वेळा एकच शब्द पुरतो. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर इंग्रजीत चालीगणिक वेगळं फंक्शन. आपल्याकडे फंक्शन एकच, पॅरामीटर ढीगभर : तुरुतुरु, दुडुदुडु, झपझप, लंगडत, खुरडत, रखडत, भेलकांडत, सरपटत. पॅरामीटर ऑप्शनल आहे म्हणून कोणी पासच करत नाही, यात भाषेचा काय दोष?

आणि एकट्या अनुवादकांवर कशाला घसरायचं? स्वतंत्र लिहिणारेही तसेच. नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुव्याजवळची काठीची होळी घ्या. सातपुड्याच्या पाड्यांतून माणसं येतात, कमरेला घुंगरं आणि वाळके भोपळे बांधून रात्रभर नाचतात, पहाटे होळी पेटते. यावर कथा लिहायची आणि 'लोक आले, नाचले, गेले' म्हणायचं? संध्याकाळी जो झपझप डोंगर उतरला तोच सकाळी पाय ओढत चढतो. गोष्ट तर या दोन चालींच्या मधेच आहे! ज्यांचं अर्धं आयुष्य पायी चालण्यात जातं, त्यांच्या चालीलाच आपण शब्द देत नाही. वर 'ग्रामीण वास्तव' वगैरे.

कोणी म्हणेल, मग काय ओळीओळीला 'तुरुतुरु' पेरायचं? अजिबात नाही. माणूस नुसताच गेला असेल तर खुशाल 'गेला' लिहा. पण कसा गेला यावर काही अवलंबून असेल, तर तो एक शब्द लिहायचे कष्ट घ्या.

असो. भाषा गरीब नाही मंडळी, आपण कंजूष आहोत.