तबकडी सापडते, श्रोता सापडत नाही

१/ जुनी मराठी ग्रामोफोन रेकॉर्ड कोणाच्या हाती लागली की समाजमाध्यमांवर एक ठरलेला विधी पार पडतो. लेबलचे छायाचित्र, त्यावर ‘अतिदुर्मीळ’ हा शिक्का, खाली जोडलेल्या हातांची रांग आणि अखेरीस ‘देणार का, किंमत सांगा’ ही पृच्छा. हे गाणे कोणी ऐकले, कोठे ऐकले आणि का ऐकले, हे मात्र कोणी विचारीत नाही. हा धागा त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके घेतले आहेत.

२/ आधी तबकडीविषयी. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले आणि हिंदुस्थानात हा व्यवसाय रुजला. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची, ठिसूळ तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. तिच्यावरून पोलादी सुई फिरे आणि प्रत्येक फेरीत खाचा थोड्या झिजत. रेकॉर्ड ऐकणे म्हणजे ती थोडी थोडी संपवणे होते. पुढचा सारा युक्तिवाद या एका भौतिक वस्तुस्थितीवर उभा आहे.

३/ मराठी रेकॉर्ड म्हटले की बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, सुंदराबाई जाधव ही नावे पुढे येतात आणि ते योग्यच आहे. परंतु कंपन्यांच्या याद्यांत नाट्यपदांच्या शेजारी लावणी, पोवाडा आणि भजनही असे. पुढच्या पिढीत शाहीर साबळे, सुलोचना चव्हाण, रोशन सातारकर, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज खेड्यापाड्यांत पोहोचले. पहिल्या प्रकारच्या रेकॉर्डी दिवाणखान्यातील कपाटांत जपल्या गेल्या. दुसऱ्या प्रकारच्या वाजून वाजून झिजल्या, फुटल्या आणि फेकल्या गेल्या.

४/ म्हणजे लावणीची तबकडी आज दुर्मीळ आहे, ती लोकांना नको होती म्हणून नव्हे. ती अतोनात वाजवली गेली, म्हणून उरली नाही. संग्राहकांच्या बाजारात या दोन दुर्मीळपणांना एकच शब्द आहे आणि तेथेच इतिहासाची फसगत होते. धूळ खात पडलेली कोरी प्रत ‘उत्तम स्थितीत’ ठरते. गावाने कानांत साठवलेली, खरखरणारी प्रत ‘खराब’ ठरते. इतिहासाच्या दृष्टीने नेमकी ती खरखर हाच पुरावा आहे.

५/ बारामती-इंदापूरच का? नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अवर्षणग्रस्त पट्ट्यात आला आणि त्यामागून ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. कारखान्याबरोबर रोख मजुरी, आठवडी बाजार आणि करमणुकीवर खर्च करू शकणारा नवा श्रोता आला. बीड आणि नगरकडचे ऊसतोड कामगार दर हंगामाला बैलगाड्यांसह उतरत. माणसे येतात तेव्हा त्यांची गाणीही येतात.

६/ या श्रोत्याकडे ग्रामोफोन नव्हता. त्याने रेकॉर्ड ऐकली ती कर्ण्यावर. लग्नाचा मांडव, गावची जत्रा, गणेशोत्सव, गळीत हंगामाचा प्रारंभ, असे काही निघाले की लाउडस्पीकरवाला बॅटरी, कर्णा आणि तबकड्यांची पेटी घेऊन हजर. एक प्रत, एक सुई आणि समोर अख्खे गाव. विक्रीच्या आकड्यांवरून लोकप्रियता मोजणाऱ्या अभ्यासकाला ही गर्दी कधीच दिसणार नाही. हजार माणसांनी एकच प्रत ऐकली, तर कंपनीच्या वहीत विक्री एकाचीच पडते.

७/ आता लेबल काय सांगते ते पाहावे. गायकाचे नाव, गाण्याचे पहिले शब्द, क्वचित कवीचे नाव, यादीतील क्रमांक आणि मधल्या कोऱ्या कड्यात कोरलेला साच्याचा क्रमांक. ढोलकी कोणाची? तुणतुणे कोणाच्या हाती? झील धरणाऱ्या सुरत्यांची नावे कोठे? बहुतेक वेळा कोठेच नाहीत. आरंभीच्या काळात गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत, निदान तेवढी तरी साक्ष उरली. साथीदारांना ती तीन मिनिटेही मिळाली नाहीत. त्यांची नावे कोठे उरलीच असतील, तर ती आज वृद्ध झालेल्या कोणाच्या तरी स्मरणात.

८/ दुर्मीळ रेकॉर्डचा ध्यास काय घडवतो आणि काय बिघडवतो, याचा स्वच्छ धडा उत्तर इंग्लंडमध्ये मिळतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या अनेक रेकॉर्डी त्यांच्याच देशात खपल्या नाहीत. विगन, स्टोक अशा खाणी-कारखान्यांच्या गावांतील कामगार तरुणांनी त्या शोधून आणल्या आणि रात्रभर त्यांवर नृत्य केले. या चळवळीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव पडले. विगन कॅसिनो हे तिचे गाजलेले केंद्र १९७३ ते १९८१ या काळात चालले.

९/ तेथे एक विलक्षण प्रथा होती. आपली रेकॉर्ड प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून वाजवणारे लेबलवर कागद चिकटवीत आणि गायकाचे खोटे नाव सांगत. फ्रँक विल्सन यांची १९६५ ची एक रेकॉर्ड अशीच एडी फॉस्टर या नावाने वाजवली गेली. तिच्या मोजक्याच प्रती ज्ञात आहेत आणि २००९ साली त्यांतील एक पंचवीस हजारांहून अधिक पौंडांना विकली गेली. आधी गायकाचे नाव झाकले, मग तबकडीला सोन्याचा भाव आला. गाणाऱ्यापेक्षा वस्तू मोठी होते, ती अशी.

१०/ तरीही त्या चळवळीने स्वतःला सावरले. श्रोत्यांनी आठवणी लिहिल्या, एकमेकांच्या चुका दुरुस्त केल्या, झाकलेली नावे उघडी केली. विस्मृतीत गेलेल्या कित्येक गायकांना शोधून इंग्लंडात आणले आणि नर्तकांसमोर गायला लावले. हे काम कोणत्या विद्यापीठाने सुरू केले नव्हते. ‘ही रेकॉर्ड तुम्ही प्रथम कोठे ऐकलीत?’ हा साधा प्रश्न तेथे प्रतिष्ठेचा ठरला. मराठीत तो अजून भाबडेपणाचा समजला जातो.

११/ मराठी संग्राहकांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून याद्या, चरित्रे आणि कंपन्यांचा इतिहास चिकाटीने नोंदवला. तबकडीची बाजू त्यामुळे बरीच भक्कम झाली. कर्ण्याची बाजू, म्हणजे गावातल्या ऐकण्याचा इतिहास, मात्र ओसाड राहिली. तिची जबाबदारी मूठभर संग्राहकांवर ढकलणे हा उर्वरितांचा आळस आहे.

१२/ ‘आठवणी म्हणजे इतिहास नव्हे’ हा आक्षेप येणारच. १८९१ साली अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. तो गोंधळ्यांच्या मुखातून आलेल्या परंपरेवर उभा आहे आणि मराठी इतिहासलेखनाने तो आनंदाने स्वीकारला. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या, आणि गाणारीचे नाव-गाव हा त्या नोंदीचा भागच मानला गेला. पद्धत अस्तित्वात आहे. उणीव आहे ती रेकॉर्ड ऐकणाऱ्याला साक्षीदार मानण्याची.

१३/ बारामतीने तर हे सर्वांआधी ओळखायला हवे होते. मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथेच राहिले आणि येथेच त्यांनी आर्या रचल्या. त्या टिकल्या, कारण त्या उतरवून घेणारे हात होते आणि कीर्तनातून म्हणणारे कंठ होते. पोथी आणि पाठांतर यांची जोडी होती. रेकॉर्ड आणि आठवण यांची जोडी त्याहून वेगळी नाही. पंतांच्या आर्येला जो न्याय, तो जत्रेतल्या लावणीला का नाही?

१४/ उत्तर अप्रिय आहे. तमाशा उभा केला तो प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या खेर सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदीही घातली होती. ती पुढे उठली, पण संकोच उरला. नाट्यपदाची तबकडी ‘वारसा’ झाली, तमाशाची ‘मनोरंजन’ राहिली. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवींची भीमगीते ज्यांनी रेकॉर्ड आणि कॅसेट यांवर ऐकली, त्यांच्या ऐकण्याला तर ‘संगीताचा इतिहास’ म्हणायलाही पुष्कळांची जीभ रेटत नाही. ही निवड रुचीची नाही, दर्जा ठरवण्याच्या अधिकाराची आहे.

१५/ कायद्यानेही येथे पाठ फिरवली. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांत जमा करावी लागते. ध्वनिमुद्रिकेसाठी त्या कायद्यात तशी सक्ती नाही. म्हणून एखादे क्षुल्लक पुस्तकही सरकारी कपाटात सापडण्याची शक्यता असते, आणि लाखोंनी ऐकलेली रेकॉर्ड भंगारवाल्याच्या दयेवर असते.

१६/ स्वामित्वहक्काची सबबही तपासून घ्यावी. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनवर्षानंतर साठ वर्षे चालतो. १९६० साली निघालेल्या रेकॉर्डचा तो २०२० अखेर संपला. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात, आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. परंतु ‘हे गाणे आमच्या मांडवात वाजले होते’ या आठवणीवर कोणत्याही कंपनीचा हक्क नाही.

१७/ वेळ किती उरला आहे? भीमेवर उजनी धरण झाले आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने गावठाण पाण्याखाली गेले. तीव्र उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील प्राचीन मंदिर उघडे पडते आणि छायाचित्रकारांची रीघ लागते. दगड पुन्हा वर येतो. त्या गावठाणातल्या जत्रेत कर्ण्यावर काय वाजत होते, ते कोणत्याही दुष्काळात वर येणार नाही. ते ऐकलेले कान आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

१८/ काम अवघड नाही. रेकॉर्ड सापडली तर दोन्ही बाजूंची लेबले आणि कोरलेला क्रमांक टिपावा. ती गावात वाजवावी आणि बोलणाऱ्याचे बोलणे मुद्रित करावे. साल आठवत नसेल तर ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर’, ‘उजनीचे पाणी चढण्याआधी की नंतर’ असे विचारावे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही ठेवाव्यात. तमाशा सोडून संसारात स्थिरावलेली एखादी वृद्धा नाव सांगू नका म्हणाली, तर ते नाव तेथेच थांबवावे. आणि मुद्रणाची एक प्रत त्या गावाच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवावी.

१९/ ‘अतिदुर्मीळ’ हा शिक्का मारणाऱ्यांनी म्हणून एवढेच करावे. किंमत लिहिण्याआधी ती तबकडी कोणाच्या पेटीतून आली आणि कोणत्या गावात वाजली, हे विकणाऱ्याला विचारावे आणि ते उत्तर लेबलच्या छायाचित्राखाली लिहावे. तबकडी काय, आज ना उद्या दुसऱ्या एखाद्या माळ्यावर निघेल. ती लावणारा लाउडस्पीकरवाला पुन्हा भेटणार नाही.