फुगवटा जातो, इतिहास जात नाही!

आपल्या मराठी विभागात पाऊस, प्रेम आणि मेसचं जेवण यांवर दरवर्षी भरपूर लिहिलं जातं. मी मात्र पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळीवर लिहिणार आहे. घाबरू नका, हा विषय मटेरियल सायन्सच्या सिलॅबसमधलाच आहे! आणि मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मध्ये मध्ये इंग्रजी शब्द डोकावणारच.

काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, बुडातला प्रायमर, दारू आणि गोळी. बार उडाला की बाकी तिन्ही संपतात, उरते ती पुंगळी. आणि साधारणपणे चौघांत महाग तीच! म्हणून अमेरिकेत बरेच नेमबाज रेंजवरच्या पुंगळ्या गोळा करतात, डायमधून दाबून मूळ मापाला आणतात आणि पुन्हा भरतात. यालाच रीलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरासाठी हे करायला तिथे केंद्र सरकारचं लायसन्स लागत नाही. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. तेव्हा रेक्टर सर, निश्चिंत असा!

आता मुद्द्याकडे वळूया. बार उडतो तेव्हा प्रत्येकच पुंगळी फुगते. ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, म्हणूनच तर गॅस मागे येत नाही. हे फुगणं सगळीकडून सारखं असतं आणि त्यात काही वावगं नाही. भानगड असते ती एका बाजूच्या फुगवट्याची. मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये सुरळीत चढावं म्हणून चेंबरची खालची कड थोडी कापलेली असते. कड जास्त कापली गेली, तर बुडाजवळचा तेवढा भाग उघडा राहतो. तिथे स्टीलचा आधार नाही, जे काही सोसायचं ते एकट्या पितळेने! .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस १९९० मध्ये आलं. त्याची दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ २,४०० पट. सुरुवातीच्या काही ग्लॉक पिस्तुलांतून उडालेल्या या काडतुसांच्या बुडाशी पोट सुटल्यासारखा फुगवटा यायचा. रीलोडिंगवाल्यांनी त्याचं नावच 'ग्लॉक बल्ज' ठेवलं.

नेहमीच्या डायने हा फुगवटा जात नाही, कारण पुंगळीचं बूड होल्डरमध्ये पकडलेलं असतं आणि डाय तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून पुंगळी अख्खीच्या अख्खी आरपार ढकलायची डाय निघाली. एका बाजूने फुगलेली घाला, दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर! गेजमध्ये टाकली की टुणकन बसते. झालं काम!

खरंच झालं का? माझं स्पष्ट मत आहे, नाही झालं.

कपडे वाळत घालायची तार तोडायची असली आणि पक्कड नसली, तर आपण काय करतो? तीच तार त्याच जागी इकडून तिकडे वाकवत राहतो आणि ती तुटते. तुटायच्या आधी ती कितीदा तरी पुन्हा सरळ झालेली असते की! पितळेचंही तसंच आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हा धातू छान ताणला जातो, पण प्रत्येक ताणाबरोबर कडक होतो आणि त्याची डक्टिलिटी कमी होते. डक्टिलिटी हा बँकेतला बॅलन्स समजा. फुगवटा आला तेव्हा त्यातला मोठा हप्ता गेला. डायने दाबला तेव्हा आणखी एक गेला. डाय मापं परत देते, बॅलन्स परत देत नाही!

'मग अॅनिलिंग करू या की!' असं कुणीतरी म्हणणारच. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर ठोकून कडक झालेलं तांबं भट्टीत घालून मऊ करतात, हे खरं आहे. पण पुंगळीचं बूड मुद्दाम कडक ठेवलेलं असतं, कारण सगळा दाब तिथेच झेलायचा असतो. ते मऊ केलं तर रोगापेक्षा औषध भयंकर!

धातूच्या पोटात काय दडलंय ते वरून दिसत नाही, याचा मोठा धडा भारतातच मिळाला होता. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जायची आणि पुंगळ्यांना आपोआप चिरा पडायच्या. हेच ते 'सीझन क्रॅकिंग'. त्याचं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पुंगळी ओढून बनवताना पितळेत अडकून राहिलेला ताण, दोन्ही मिळून चिरा पडत होत्या. मापाने त्या पुंगळ्या बरोबरच होत्या ना? म्हणून तर आजही रीलोडिंगवाल्यांना अमोनियाच्या पॉलिशने पुंगळ्या घासू नका असं बजावतात.

कुणी म्हणेल, लोक वर्षानुवर्षं अशा पुंगळ्या दाबून वापरतात, काही होत नाही. किंचित सुजलेल्या पुंगळीबद्दल मला मान्य आहे, त्यासाठी ती डाय उपयोगीच आहे. पण रेंजवरून उचललेली पुंगळी आधी किती वेळा भरली गेली, कुठल्या पिस्तुलातून उडाली, कुणाला ठाऊक? ती पुन्हा उघड्या कडेपाशी आली आणि फाटली, तर तापलेला गॅस खाली मॅगझिनमध्ये घुसतो. मॅगझिन बाहेर फेकलं जातं, मुठीला तडा जातो, आणि मूठ तर आपल्याच हातात असते! एका पुंगळीचे पैसे वाचवायला बोटं पणाला लावायची, हा कुठला हिशोब?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. फुगवटा ही पुंगळीने दिलेली तक्रार आहे. 'इथे आधार कमी पडतोय, दाब जास्त होतोय,' असं ती सांगत असते. पिस्तूल तपासायचं सोडून आपण तक्रारच दाबून सपाट करतो. मग पुढच्या माणसाला ती पुंगळी नव्यासारखीच दिसणार!

वर्कशॉपमध्ये आपल्याला गो आणि नो-गो गेज शिकवतात. जॉब गेजमध्ये बसला की मार्क्स मिळतात. पण गेज फक्त आजचं माप सांगतं, जॉबवर काल काय गुजरलं ते सांगत नाही. उद्या आपण बॉयलर, पूल, लिफ्ट तपासायला जाणार आहोत. तिथेही ठोकून सरळ केलेलं काहीतरी समोर येईलच. तेव्हा 'बसतंय ना?' एवढंच विचारून सही करू नका. 'हे आधी का वाकलं होतं?' हेही विचारा.

आणि पुंगळीचं म्हणाल, तर बुडाशी एका बाजूचा फुगवटा नखाला लागला की पक्कड घ्यायची, चेपायची आणि भंगारात टाकायची. पितळेला भंगारातही भाव चांगला येतो!